मशीन कुठंय?

जलशुद्धीकरण केंद्र बघायला आलेला पाहुणा गेटातून आत शिरताच विचारतो, "साहेब, पाणी शुद्ध करायचं मशीन कुठंय?" त्याच्या डोक्यात ओट्यावरचा फिल्टर असतो, इथं त्याचाच थोरला भाऊ भिंतीला टांगलेला असणार, असा हिशेब. मी त्याला एरेटरपाशी नेतो. पायऱ्यांवरून पाणी पडतं, त्यात हवा मिसळते, धरणाच्या तळाचा कुबट वास उडतो. "हे मशीन?" नाही, या पायऱ्या.

पुढे तुरटी. पावसाळ्यात नदीचा चहा झाला की डोस ठरवायला जार टेस्ट लावतो. एकेक लिटरचे सहा बीकर, प्रत्येकात तुरटी थोडी वाढवत न्यायची, मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी आळसात. कापसासारखे पुंजके धरून तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळलं, की त्यातला कमीत कमी डोस आपला. "जास्त घातली तर जास्त स्वच्छ ना?" हा प्रश्न ठरलेला. नाही हो. पाण्याचा सामू (पीएच) घसरतो, पुंजके धरत नाहीत, आणि गाळ तरंगत पुढच्या वाळूच्या गाळणीवर जातो. मीठ जास्त घालून आमटी जास्त आमटी होत नाही.

क्लॅरिफायरवर पाहुण्यांचा धीर सुटतो. भला मोठा गोल हौद, वरचा पूल इतका सावकाश फिरतो की बंदच वाटतो. जोरात फिरवला तर बसलेला गाळ उठेल. मुंबईतला भांडुपचा रोज १९१ कोटी लिटरचा प्रकल्प असो की तालुक्याचं केंद्र, गाळ त्याच्याच सवडीनं बसतो. अडीचेक तास.

नाट्य म्हणाल तर बॅकवॉशला, म्हणजे वाळूची गाळणी उलटी धुताना. पाऊण मीटर वाळूच्या बेडमध्ये खालून आधी हवा सोडायची, मग पाणी. दहा मिनिटं तपकिरी उकळी. "एवढं पाणी वाया?" न धुवावं तर बेड तुंबतो, आणि मग गाळ वाळू फोडून पलीकडे जातो.

क्लोरीनच्या खोलीत मी कुणालाही नेत नाही. ९०० किलोचे सिलिंडर दारातूनच दाखवतो. गळतीचा संशय आला तर अमोनियात भिजवलेला बोळा जवळ धरायचा. पांढरा धूर निघाला की गळती पक्की. हा वायू हवेच्या अडीचपट जड, म्हणून पळायचं ते वाऱ्याच्या उलट, उंचावर. एवढं सांगितलं की सगळे वारा कुठून येतोय ते बघू लागतात.

शेवटी तक्रार: "मग आमच्याकडे गढूळ का येतं?" इथून पाणी १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आतच निघतं. पण पुरवठा दोन तासांचा. नंतर रिकामी लाइन फुटक्या जोडातून गटार ओढून घेते. पहिली पाच मिनिटं पाणी सोडून द्या, आणि नळाशी क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम आहे का बघा. सोसायटीची टाकी कधी धुतलीत, असं विचारलं की सगळ्यांना एकदम बस आठवते.

ग्रुप फोटो मात्र ते आवर्जून काढतात, आवारातल्या डिझेल जनरेटरसमोर.