रिटायर झालात? आता तरी वेळेवर कामाला लागा

रिटायर झाल्याबद्दल अभिनंदन. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, साहेबांनी भाषणात तुमचं नाव बहुधा बरोबर घेतलं. 'आता काय बुवा, मजाच मजा' असं चार जण म्हणाले आणि तुम्ही कसनुसं हसून मान डोलावलीत. इथवर ठीक. खरा धोका दुसऱ्या दिवशी सुरू होतो. नऊ वाजून गेलेले असतात, तुम्ही गॅलरीत पेपर उघडून बसलेले असता आणि आतून आवाज येतो, "अहो, रिकामेच आहात ना? जरा दळण टाकून या."

एकदा का घरात तसा बोभाटा झाला की सुटका नाही. आज दळण, उद्या सिलिंडर, परवा नातवाची स्कूल बस आणि शेवटी सोसायटीचं सेक्रेटरीपद. म्हणून मोकळा वेळ चुकूनही मोकळा ठेवू नका. नोकरीत जे कधी जमलं नाही, म्हणजे वेळेवर हजर होणं, रजिस्टर भरणं, अंगावर जबाबदारी घेणं, ते सगळं आता करा. विरंगुळा हे एक खातं आहे आणि तुमची तिथे बदली झाली आहे, एवढं डोक्यात पक्कं असू द्या.

सकाळची हजेरी पावणेसहाला, आपल्या नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लबवर. ऑफिसात अकराला टेकत होतात, ते विसरा. इथे उशिरा येणाऱ्याकडे लोक फार वाईट नजरेने बघतात. चालायचं मात्र बेताचंच. एक फेरी झाली की बाकावर बैठक बसते. विषयपत्रिका ठरलेली: गुडघा, पेन्शनचा फरक, कोणाचा मुलगा कॅनडातून परत आला आणि व्याजदर. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला जमा होतं, हे बाकावरच्या प्रत्येकाला पाठ असतं. तरी रोज कोणीतरी ते गुपित सांगितल्यासारखं सांगतं आणि बाकीचे रोज 'असं होय!' म्हणतात. यात हसू नका. तुमचीही पाळी येणार आहे.

हसायचंच असेल तर त्यासाठी वेगळी समिती आहे. डॉ. मदन कटारियांनी 1995 मध्ये मुंबईत हास्यक्लब सुरू केला तेव्हा बागेत जमायचं आणि हसायचं, इतकाच मामला होता. आपण त्याला शिस्त लावली. आता अध्यक्ष आहेत, दोन उपाध्यक्ष आहेत, खजिनदार आहेत, वर्गणी आहे, वर्धापनदिनाच्या छापील टोप्या आहेत आणि टोप्यांच्या हिशोबावरून पडलेले दोन गट आहेत. दोन्ही गट एकाच मैदानात एकमेकांकडे पाठ करून, हात आभाळाकडे नेऊन हसतात. ज्यांचा आवाज मोठा त्यांचं बहुमत. तुम्हीही सामील व्हा, फक्त टोपी कुठल्या गटाची घालायची ते घरूनच ठरवून निघा. ऐनवेळी टोपी फिरवणाऱ्याला मैदानात कोणी पाणीही विचारत नाही.

आता वाचन. तीस-पस्तीस वर्षं तुम्ही सांगत आलात की एकदा रिटायर होऊ द्या, मग बघा कसा वाचतो. नाशिककराला इथे सबबही नाही. आपलं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं. बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटली त्याच्या तेरा वर्षं आधीचं. ते इतकी वर्षं थांबलंय, तुम्ही जाऊन निदान सभासद तरी व्हा. वाचनकक्षात पेपर वाचताना आणखी तीन पेपर कोपराखाली दाबून बसायचं असतं, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कोणीतरी कृतीतून शिकवेल.

पुस्तक मात्र वाचायला नेऊ नका, तपासायला न्या. सोबत पेन्सिल हवी. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की गोल करा, समासात 'अतिशयोक्ती', 'बरोबर', 'पान 112 पाहावे' असे शेरे मारा. फायलींवर मारत होतात तसेच, फक्त खाली आद्याक्षरं नकोत. असं एक जुनं आत्मचरित्र माझ्या हाती आलं होतं. लेखकाने एका मोर्चाचं मोठं रसभरीत वर्णन केलेलं. समासात बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात शेरा: 'असे घडलेले नाही.' त्याखाली दुसऱ्या हाताने: 'आपणांस कसे ठाऊक?' त्याखाली पुन्हा तेच कललेलं अक्षर, या वेळी कागद फाटेल इतकं दाबून: 'मी तिथे होतो.' आणि सगळ्यात खाली, निळ्या शाईत, सुबक गोल अक्षरात: 'वाद बाहेर घालावा. पुस्तकाला रांग आहे.' मूळ पुस्तकात एवढं नाट्य नव्हतं. शिवाय हेही लक्षात घ्या की, उत्तर आलं की नाही हे बघायला त्या पहिल्या गृहस्थांनी पुस्तक दुसऱ्यांदा घरी नेलं असणार. याला म्हणतात वाचनाची गोडी.

ही पायरी ओलांडलीत की वाचनालयाच्या निवडणुकीत लक्ष घाला. तिथे पॅनेल असतं, प्रचार असतो, घरोघरी पत्रकं येतात. एका निवडणुकीत इतका वेळ जातो की पुढची दोन-तीन वर्षं पुस्तक हातात घ्यायची गरज भासत नाही.

नाटकाला जायचं तर कालिदास कलामंदिरात पुढच्या रांगेचं तिकीट काढा, कारण तुम्हाला ऐकू कमी येतं. आणि ऐकू कमी येतं म्हणून दर वाक्याला शेजारी बसलेल्या बायकोला विचारा, "काय म्हणाला गं तो?" ती सांगेपर्यंत नटाचं पुढचं वाक्य निघून जातं, मग तेही विचारा. असं अख्खं नाटक तुम्हाला बायकोच्या तोंडून ऐकायला मिळतं, मागच्या तीन रांगांनाही त्याचा लाभ होतो. नाटक तिला कसं वाटलं, हे विचारू नका. तिने ते पाहिलेलंच नसतं. मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभं राहून 'पूर्वीची नाटकं राहिली नाहीत' हे म्हणायचंच असतं. पूर्वी तुम्ही एकाही नाटकाला गेला नव्हतात, सेकंड शिफ्ट असायची, हे वड्याच्या रांगेत कोणी विचारत नाही. ज्या गावात शिरवाडकर राहिले, त्या गावच्या प्रेक्षकाला मत हवंच. नाटक पाहिलेलं असायची अट नाही. बाकी 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाला जाऊन 'प्रोग्रॅम अगदी वेल ऑर्गनाइझ्ड होता' असा अभिप्राय देऊन या, म्हणजे भाषेचंही काम झालं.

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. संध्याकाळचा वारा आणि फुकटचं ज्ञान. भाषणात डोळा लागला तरी बिघडत नाही, पण ते संपल्यावर वक्त्याला पायऱ्यांवर गाठायला विसरू नका. 'मला प्रश्न विचारायचा नाही, थोडी माहिती द्यायचीय' अशी सुरुवात केली की वक्ता तिथेच खिळतो. त्याची परतीची गाडी किती वाजता आहे, ही त्याची वैयक्तिक बाब झाली.

घरच्या टीव्हीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मुलाच्या पासवर्डवर वेब सिरीज लावा, पहिल्या शिवीला 'काय हे!' म्हणा आणि उरलेले आठ भाग एका बैठकीत संपवा.

खरी परीक्षा समुद्रावर. 'रिटायर झालो की समुद्रकाठी निवांत राहायचं' हे स्वप्न तुम्ही सातपूरच्या बसथांब्यावर उभे राहून पाहिलेलं आहे, त्यामुळे ते पार पाडणं भाग आहे. पण आधी हिशोब. रेल्वेत ज्येष्ठ पुरुषांना 40 टक्के आणि बायकांना 50 टक्के सवलत होती, ती मार्च 2020 मध्ये गेली ती गेलीच. एसटीला पासष्टीनंतर अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीनंतर, 2022 पासून, प्रवास मोफत. तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झालेल्या शहाण्या माणसाने समुद्र बघायला आणखी सतरा वर्षं थांबावं. बायकोला मात्र 2023 पासून कुठल्याही वयात अर्धंच तिकीट लागतं. म्हणजे तिला एकटीलाच पाठवणं सगळ्यात स्वस्त. हा विचार मनात आला तरी बोलून दाखवू नका. ती लगेच बॅग भरेल.

ज्यांची पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफ कापणाऱ्या कंपन्यांतल्या नोकरदारांच्या योजनेची आहे, त्यांनी हा भाग वाचलाच नाही तरी चालेल. तिथे किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपये आहे. एवढ्यात समुद्राकाठी एक रात्रही निघत नाही. त्यांनी सरळ शेवटच्या कार्यक्रमाकडे जावं, तो फुकट आहे.

बाकीच्यांनी त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणू गाठावं आणि पुढे बोर्डीला मुक्काम करावा. सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या, घरगुती जेवण. पोचल्या पोचल्या खोलीचा ताबा रीतसर घ्या. गिझर चालवून बघा, टॉवेल मोजा, पंख्याचा आवाज ऐका, पाणी बोरिंगचं की नळाचं ते विचारा. मालकाने चहा पुढे केला की पहिला घोट घेऊन म्हणा, "इथे गुंठ्याला काय भाव चाललाय सध्या?" तुम्हाला घ्यायचं नाही, त्याला विकायचं नाही, तरी तासभर बोलणं होतं. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तो कौतुकाने सांगू लागला तर आमच्या द्राक्षांचं काय, हा मुद्दा तिथेच उपस्थित करा. चिकू खायचा राहून गेला तरी नाशिकची बाजू पडता कामा नये.

मग समुद्रावर जा. बोर्डीला ओहोटीच्या वेळी पाणी इतकं आत जातं की किनाऱ्यावर उभं राहून ते शोधावं लागतं. इथे तुमच्यातला हेडक्लार्क जागा व्हायलाच हवा. तडक परत येऊन मालकाला विचारा, "फोटोत तर समुद्र होता!" तो म्हणेल, "येईल काका, दुपारी." दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जाऊन उभे राहाल तर भरतीला आणखी साधारण 50 मिनिटं उशीर. तिसऱ्या दिवशी त्याहून उशीर. चंद्राचं कारण कोणी पुढे करेल, ऐकून घेऊ नका. तुमच्या हाताखाली रोज असाच उशिरा येणारा माणूस होता आणि त्याच्याकडेही रोज कारण असायचं. नोंद करून ठेवा, रिव्ह्यूत लिहायला उपयोगी पडते.

या तीन दिवसांत तुमची बायको काय करते, इकडे लक्ष द्यायचं कारण नाही. ती चप्पल हातात घेऊन ओल्या वाळूवरून लांबवर चालत गेलेली असते आणि जेवायच्या वेळेला परत येते. इतक्या वेळात तिने एक फोटोही काढलेला नसतो. ग्रुपवर टाकायचं तरी काय?

नाशिकला परतलात की शेवटचा आणि बारमाही कार्यक्रम: रस्त्यावरच्या कामांची देखरेख. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे तमाशा बघायला लांब जावं लागणार नाही. कुठेही खड्डा खणला जात असला की हात पाठीमागे बांधून काठावर उभे राहा. दहाएक मिनिटांत दुसरे एक ज्येष्ठ येतील, मग तिसरे. कोणी कोणाला नमस्कार करायचा नसतो. सगळ्यांनी खाली बघायचं आणि थोड्या वेळाने एकाने म्हणायचं, "पाइप वर घेतलाय." बाकीच्यांनी जिभेने च्च करायचं. स्थापत्यशास्त्राचं शिक्षण लागत नाही. तुमची उभी हयात पोस्टात गेली असली तरी उतार चुकलाय हे तुम्हाला काठावरून बरोबर दिसतं.

जेसीबीवाला पोरगा मधेच म्हणेल, "बाबा, जरा मागं सरका." एक पाऊल सरका आणि तो वळला की पुन्हा पुढे या. एक वाजता तो मशीन बंद करेल, डबा खाईल, फडक्याने तोंड पुसेल आणि समोरच्या कडुनिंबाखाली फडकं डोळ्यांवर टाकून पाचव्या मिनिटाला घोरायला लागेल. ना टोपी, ना वर्गणी, ना रजिस्टर. भर रस्त्यात, आजूबाजूला हॉर्न वाजत असताना. तुम्ही जागचे हलू नका. ऊन लागलं तरी चालेल. मोबाइल काढा, फोटो घ्या, त्यावर वेळ टाका आणि ज्येष्ठांच्या ग्रुपवर पाठवा: 'कामाच्या वेळेत झोप. यांना कोणी विचारणार आहे की नाही?'