साधंच केलंय, या जेवायला

मित्रांना घरी जेवायला बोलवायचंय? बाहेरून मागवणार असाल तर पुढचं वाचू नका. स्वतः रांधून घालणार असाल तर आधी वार ठरवा. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार स्वामींचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवार एका वहिनींच्या देवीचा, आणि बुधवारी मुंबईत कुणी कुणाकडे जात नाही. राहिला रविवार, तर दुसऱ्या दिवशी ऑफिस. तेव्हा सरळ शनिवार ठरवा आणि बेत माशांचा करा.

महिना जुलै निवडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे सिटीलाइटच्या बाजारात पापलेट दिसलंच तर बर्फातलं दिसेल आणि भाव सोनाराकडचा वाटेल. कोळीणमावशींना ‘ताजं आहे ना?’ असं जरूर विचारा. बंदी उठेपर्यंत थांबू म्हणाल तर श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. मैत्री दिवाळीपर्यंत टिकवायची जबाबदारी तुमची.

बोंबील मिळाले तर ते चिरून वजनाखाली दाबावे लागतात, नाहीतर पाणी सुटून तव्यावर लगदा होतो. फ्लॅटमध्ये पाटा-वरवंटा कुठला! मुलाच्या जेईईच्या गाइडांचा गठ्ठा ठेवा. तेवढाच उपयोग.

शाकाहाऱ्यांसाठी काहीतरी सोपं करा. उदाहरणार्थ, वालाचं बिरडं. गुरुवारी वाल भिजत घाला, शुक्रवारी फडक्यात बांधून मोड काढा आणि शनिवारी कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांनी सोलत बसा. घरच्यांनाही बसवा. नवराबायकोत एरवी न निघणारे विषय दुसऱ्या वाटीपर्यंत आपोआप निघतात. एवढं करून वाढलंत की पाहुणा म्हणेल, ‘वा, पावट्याची उसळ मस्त झालीय.’ हसून हो म्हणा. (मी एकदा दुरुस्ती करायला गेलो होतो. बिरडं आणि उसळ यांतला फरक सांगेपर्यंत भात गार झाला.)

वेळ साडेसातची द्या. डोंबिवलीकर सात-वीसलाच बेल वाजवतील, कारण ते घड्याळाने नाही, लोकलने चालतात. तुमचे हात तेव्हा कोळंबीच्या हळदीत असतील. बोरिवलीचे आठ वाजता ‘निघालोय’ असा मेसेज आंघोळीआधी टाकतील. आणि तुमच्याच बिल्डिंगमधले, दोन मजले खालचे, साडेनऊला येतील.

एक डॉ. दीक्षितांच्या डाएटवाला हमखास असतो. दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं. त्याच्यापुढे चुकूनही शेंगदाणे ठेवू नका. पहिला दाणा तोंडात गेला की त्याचं घड्याळ सुरू होतं. तुम्ही अर्थातच ठेवणार. मग बोंबलांचा घाणा तव्यावरून उतरेल छप्पन्नाव्या मिनिटाला, आणि तो माणूस ताटाकडे असा बघेल की तुम्हालाच पाप लागावं. शेजारी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांना मानणाऱ्या वहिनी भातावर तुपाची धार धरून त्याला समजावत असतील. दोघांना एकाच सोफ्यावर बसवा. तसाही एकच आहे.

तुम्ही मात्र बसू नका. यजमान बसला तर जेवण घरचं वाटत नाही. गॅसपाशी घाम पुसत उभे राहा आणि दर पाच मिनिटांनी म्हणा, ‘काही विशेष नाही हो, साधंच केलंय.’ ओट्यावर अकरा पातेली असताना हे वाक्य फार शोभतं. कुणी ‘कशाला एवढं केलंत’ म्हणेपर्यंत आग्रह थांबवायचा नाही. तीन दिवस ज्यासाठी खपलात ते हेच वाक्य. पोटं केव्हाच भरलीत, तो मुद्दा नाही.

पावणेदहापासून डोंबिवलीकर चुळबुळू लागतील. निघतो म्हटल्यावर अर्धा तास दारात आणि दहा मिनिटं लिफ्टचं दार धरून गप्पा होतील. खरा विषय तिथेच निघतो. उरलेलं बिरडं त्यांना स्टीलच्या डब्यात देऊ नका, विशेषतः ज्यावर आईचं नाव कोरलंय त्यात. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात द्या.

पुढच्या शनिवारी त्यांच्याकडचं बोलावणं येईल. साडेसातचं. ‘साधंच करतोय’ म्हणाले, तर निघण्यापूर्वी घरी दोन घास आमटीभात खाऊन घ्या.