एस्टीमच्या रोल केजबद्दल तुम्ही दिलेल्या दोन स्टारना उत्तर

नमस्कार सर,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: मारुती एस्टीममध्ये रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा पिंजरा, बसवायला चार दिवस सांगून सतरा दिवस गाडी अडकवली, चांगला तळ कापला, बिल 18,500 रुपयांनी वाढवलं, दुसरा गॅरेजवाला दोन दिवसांत केज वेल्ड करून देत होता, आणि आता पाइप डोक्याला लागतो.

आधी आमची चूक. कापण्याआधी तुम्हाला फोन करायला हवा होता. व्हॉट्सॲपवर फोटो टाकले आणि तुम्ही पाहिलेच असतील असं धरून ग्राइंडर चालवला. शिवाय सतरातले तीन दिवस पाइपची वाट बघण्यात गेले, तेही आमच्याच माथी. मजुरीतले 3,000 रुपये परत करतोय. बाकी मुद्द्यांवर मात्र माघार नाही.

तुमचा 'चांगला तळ' कसा होता ते सांगतो. ड्रायव्हर सीटमागचं कार्पेट उचललं तर खालचा फोम पिळला की पाणी गळत होतं. त्याखाली कंपनीचा डांबरी थर, वरून अगदी गुळगुळीत. पोराने स्क्रूड्रायव्हर टेकवून नुसता दाबला, तर मुठीपर्यंत आत. गाडी लिफ्टवर होती, मी खाली उभा. टोक माझ्यासमोर बाहेर आलं. सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीच्या, कडेला कुणीतरी पूर्वी ठिगळ मारून वर पुटी आणि काळा अंडरकोट फासलेला. हातोडी मारली की टण्ण नाही, भद्द. पाणी येत होतं पुढच्या काचेच्या कडक झालेल्या रबरातून. इगतपुरीच्या पावसात रोज ये-जा करणाऱ्या गाडीचं दुसरं काय होणार?

एस्टीमला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. तळ, सिल आणि खांब हाच तिचा सांगाडा. केजच्या मुख्य हूपचा, म्हणजे सीटमागच्या कमानीसारख्या पाइपचा, पाय येतो नेमका त्या सडक्या जागेवर. गाडी उलटली की भार छतावरून पाइपात आणि पाइपातून पायात उतरतो. खाली जेमतेम मिलिमीटरभर पत्रा, तोही कुजका, म्हणजे पापडावर खांब उभा केल्यासारखं. पाय आरपार जाणार, हूप खचणार आणि छत तुमच्या मानेवर येणार. गंजक्या पत्र्यावर वेल्डिंगचा टाका धरत नाही, पत्रा जळून भोक मोठं होतं. ते पुटीखाली झाकलं की दोन दिवसांचं काम दिसायला झकास! तसं काम आमच्या शेडमधून बाहेर पडणार नाही.

बॅटरी सोडली, पेट्रोलची टाकी उतरवली, चकचकीत पत्रा लागेपर्यंत सडका भाग कापला, नवा पत्रा सिलपर्यंत नेऊन जोडला. मगच पायाखालच्या प्लेटा. मोटार शर्यतींची जागतिक संस्था एफआयए, तिच्या नियमात मुख्य हूपच्या पायाखाली किमान 3 मिलिमीटर जाड आणि 120 चौरस सेंटिमीटरची प्लेट लागते, ती बॉडीला वेल्ड केलेली, आणि प्रत्येक पायाला किमान तीन एम-8 (8 मिलिमीटरचे) बोल्ट, 8.8 ग्रेडच्या मजबुतीचे. हूपचा पाइप 45 मिलिमीटरचा, 2.5 मिलिमीटर जाडीचा, कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड ओढलेला, बिनजोडाचा. तुमच्या गाडीत हेच आहे, मापायला व्हर्नियर घेऊन या. नळाच्या पाइपचा केज स्वस्त पडतो, पण तो बाल्कनीला शोभतो. वर प्राइमर, सीलर, सिलच्या पोकळीत मेण. सीलर सुकायला वेळ लागतो, पंखा लावून उरकता येत नाही.

पाइप डोक्याला लागतो, कारण हा केज हेल्मेट आणि हार्नेस (शर्यतीचा पट्टा) घालून चालवायच्या गाडीसाठी आहे. ऑर्डर घेतानाच बोललो होतो: ऑटोक्रॉस, रॅली अशा शर्यतींपुरतं ठीक, उघड्या डोक्याने रोज ऑफिसला जायचं असेल तर नको. साध्या धक्क्यातही पाइपच कपाळात बसतो. तुम्ही 'लूक जातो' म्हणून पॅडिंग काढलंय, हे तुमच्या फोटोतच दिसतंय. ते आज परत बसवा. आरटीओच्या कागदाचं म्हणाल तर गाडीतल्या बदलांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. आमच्या सही-शिक्क्याने गाडीतला बदल कायदेशीर होत नाही.

कापलेले तुकडे गोणीत भरून ठेवलेत. अंबडला या, रविवार सोडून कधीही. काचेचं रबर अजून बदललेलं नाही, ते आधी करा, नाहीतर नवा पत्राही जाईल. आणि 500 किलोमीटर झाल्यावर बोल्ट तपासायला बोलावलं होतं, ते राहिलंय. त्याचे पैसे नाहीत.