कर्ज काढून फुल फ्रेम घ्यायला सांगणाऱ्या मेसेजचा प्रतिवाद

'कॅमेरा घ्यायचाय? आधी हे वाचा, नाहीतर पस्तावाल' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. सात मुद्दे आहेत, सार एवढंच की कर्ज काढा पण फुल फ्रेम, म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर मोठा असलेला महाग कॅमेराच घ्या. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. खाली 'प्रत्येक होतकरू फोटोग्राफरपर्यंत पोचवा' अशी विनंती आहे. माझ्याकडे तो तासगावच्या दाजींकडून आला. भाच्याला फोटोग्राफीत उतरायचंय, बारावीपासून पोरगं त्याच नादात आहे. मेसेजखाली दाजींनी लिहिलं होतं, "एकदाच घ्यायचंय तर असंच घेऊ म्हणतो. थोडे द्राक्षाचे येतील, बाकीचे पतसंस्थेतून उचलू. तुमचं काय मत?"

दाजींशी मी फोनवर बोललो. पण हा मेसेज ज्या घरांत पोचलाय, त्या प्रत्येक घरात लग्नाचे फोटो काढणारा मामा नसतो. म्हणून हे लिहितोय. सातही मुद्द्यांना सारखाच वेळ देणार नाही, तेवढी त्यांची लायकी नाही.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो. बाकीचे सहा चुकले तर फोटो बिघडतील, हा चुकला तर घराची घडी बिघडेल. मेसेज म्हणतो, 'कर्जाला घाबरू नका. सेट भारी असेल तर ऑर्डरी आपोआप येतात आणि एका सीझनमध्ये हप्ते फिटतात.'

हिशेब मांडू. फुल फ्रेम बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, दोन लाखांच्या घरात जाते. मेसेजमध्ये सुचवलेली २४-७० एफ २.८ लेन्स कॅमेऱ्याच्याच कंपनीची घेतली तर आणखी दीड-दोन लाख. चार लाख धरा. १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी उचलले तर हप्ता महिन्याला साधारण १३,६७० रुपये बसतो आणि परतफेड ४ लाख ९२ हजारांवर जाते. यात जादा बॅटरी, कार्डं, फ्लॅश आणि फोटो एडिट करायला लागणारा कॉम्प्युटर धरलेलाच नाही.

हप्ता बारा महिने येतो, मुहूर्त येत नाहीत. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत कार्यालयांना कुलपं. पुढे पौष आडवा येतो. उरलेल्या महिन्यांत एका तारखेला गावात चार लग्नं असतात आणि नंतर पंधरा दिवस एकही नसतं. त्या चारही ठिकाणी एकट्या माणसाला उभं राहता येत नाही. आणि नव्या पोराला मुख्य ऑर्डर देतंय कोण? आपल्याकडे ऑर्डर येते ती पाव्हण्यारावळ्यांतून, आधी केलेल्या कामातून. 'कॅमेरा कुठला आहे?' असं विचारणारा नवरीचा बाप मला अजून भेटलेला नाही. तो म्हणतो, 'मागच्या लग्नाचा अल्बम दाखवा.' तो अल्बम नव्या पोराकडे नसतो. त्याला पहिली एक-दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली सेकंड कॅमेरा धरावा लागतो, दिवसाच्या मजुरीवर. यात कमीपणा काहीच नाही. हे काम सगळे तिथेच शिकतात.

शिवाय पैसे हातात कधी पडतात तेही मेसेज सांगत नाही. अ‍ॅडव्हान्स थोडा असतो, बाकी अल्बम दिल्यावर. अल्बम कधी, तर घरच्यांनी फोटो निवडून दिल्यावर. 'सगळे एकत्र बसलो की निवडतो' म्हणून पेनड्राइव्ह घेऊन गेलेलं घर दिवाळीपर्यंत फोन करत नाही. पतसंस्थेचा माणूस मात्र पाच तारखेला फोन करतो.

भारी बॉडीची गरज खरंच पडली तर ती भाड्याने मिळते. सांगली, कोल्हापूर, पुणे इथे बॉडी आणि लेन्स दिवसाच्या भाड्यावर देणारे आहेत. ऑर्डर आली की आणायची आणि भाडं कोटेशनमध्ये धरायचं. काही कामं झाली की आपल्याला कुठली लेन्स सारखी आणावी लागते ते कळतं. मग ती विकत घ्यावी. बॉडीची किंमत नवं मॉडेल आलं की घसरते, चांगली लेन्स त्यामानाने भाव धरून राहते.

आता पहिला मुद्दा, ज्याच्या जोरावर हे कर्ज गळ्यात मारलं जातंय. 'फुल फ्रेम नसेल तर तो कॅमेरा नव्हे, खेळणं. कमी उजेडात त्याच्याशिवाय फोटो येतच नाही.'

फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. नवशिक्यांसाठीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी हा लहान सेन्सर असतो, निकॉन-सोनीत साधारण २३.५ बाय १५.६, कॅननमध्ये त्याहून थोडा लहान. क्षेत्रफळात फरक साधारण २.३५ ते २.६ पट. उजेडाच्या भाषेत हा फरक एक स्टॉपपेक्षा जरासा जास्त भरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). म्हणजे एपीएस-सीवर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ला जेवढे दाणे दिसतात, तेवढे फुल फ्रेमवर साधारण ६४०० ते ८००० ला दिसतात. फायदा खरा आहे, मी स्वतः लग्नाला फुल फ्रेमच वापरतो.

पण त्याच उजेडात लेन्स काय करते ते बघा. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ मिलिमीटरला एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). साधी ५० एफ १.८ लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. तीन स्टॉपपेक्षा जास्त. हळदीचा कार्यक्रम डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळ, घरासमोर मांडव, वर झिरमिळ्या आणि दोन पिवळे बल्ब. आयएसओ ३२००, एफ ५.६ आणि शटर १/३० सेकंद मिळतंय. नवरीचा चेहरा कसाबसा येतो, पण हळद लावणाऱ्या करवलीच्या हाताचा पिवळा फराटा होतो. लेन्स बदलून एफ १.८ वर आलात की आयएसओ तोच ठेवून शटर १/३०० च्या आसपास जातं. हात थांबतो, बोटांवरची हळद दिसते. या लेन्सला दहा-बारा हजार लागतात, सेन्सरला लाख-दीड लाख जास्त लागतात. आधी काय घ्यावं हे मेसेज लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं.

एक सांभाळायचं. १.८ वर फोकसची पट्टी फार पातळ असते. नवरा-नवरी पुढे-मागे बसले असतील तर एकाचेच डोळे शार्प येतात. जोडीला २.८ किंवा ४ वर या आणि फ्लॅश वापरा. फ्लॅशचं नाव त्या अख्ख्या मेसेजमध्ये नाही. पांढऱ्या स्लॅबच्या कार्यालयात छताकडे तोंड करून मारलेला साधा फ्लॅश कुठल्याही सेन्सरपेक्षा जास्त काम करतो. पत्र्याच्या कार्यालयात मात्र छत उंच आणि काळपट असतं, तिथे उजेड परत येत नाही. मग बाजूची भिंत शोधावी लागते, नाहीतर स्टँडवर दुसरा फ्लॅश. हे शिकायला वेळ द्यावा लागतो, त्याला पर्याय नाही.

मेगापिक्सेलचा मुद्दा लवकर उरकतो. '४५ मेगापिक्सेलच्या खाली घेऊ नका, अल्बममध्ये फोटो फुटतो.' २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. आपल्याकडे चालणारा १२ बाय ३६ चा अल्बम घ्या. उघडलेल्या पानाच्या एका बाजूला १२ बाय १८ इंच जागा. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. अख्ख्या बाजूवर एकच फोटो लावला तरी २४ चा पुरून उरतो. २००५ साली आलेला कॅननचा पहिला ५डी १२.८ मेगापिक्सेलचा होता आणि २००८ चा निकॉन डी७०० १२.१ चा. लग्नवाल्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्यावर पोट भरलं. अल्बममध्ये फोटो फुटतो तो बहुधा हाललेला किंवा फोकस चुकलेला असतो.

'किट लेन्स दुकानातच परत करा' हा तिसरा. हळदीत ती कमी पडते हे वर सांगितलंच, तेवढ्यापुरतं मेसेजचं म्हणणं मान्य. पण परत कशाला करायची? अरुंद माजघरात १८ मिलिमीटर लागतं, तिथे ५० ची लेन्स घेऊन भिंतीला पाठ टेकली तरी चार माणसं मावत नाहीत, कारण एपीएस-सीवर ती ७५-८० सारखी वागते. दिवसाउजेडी एफ ८ वर किट लेन्सचा फोटो कुणी नावं ठेवेल असा नसतो. निकॉनची एएफ-पी १८-५५ सेन्सरपासून २५ सेंटिमीटरवर फोकस करते. ५५ ला तेवढ्या जवळून साधारण सव्वासहा सेंटिमीटर रुंदीची चौकट मिळते. सप्टेंबरात कासला तेरड्याचं फूल किंवा सोनकीचा झुबका टिपायला ती भरपूर झाली. सीतेच्या आसवांसारखं बारीक फूल चौकटभर हवं असेल तर मॅक्रो लेन्स लागेल, पण तो पुढचा प्रश्न. बागेतल्या घडावरची पांढरट झाक सकाळच्या तिरप्या उन्हात याच लेन्सने सुरेख येते, भाच्याने मोबाइलवर पाठवलेले तसले फोटो बघूनच मी त्याला कॅमेरा घे म्हणालो. एपीएस-सी बॉडी, किट लेन्स, एक ५० किंवा ३५ एफ १.८ आणि एक फ्लॅश. सुरुवातीला एवढं बस्स.

चौथा, 'डीएसएलआर संपले, फुकट मिळाला तरी घेऊ नका.' डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, मिररलेसमध्ये तो आरसा नसतो. मेसेजच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे आणि ते मला मानावं लागतं. कॅनन आणि निकॉन दोघांचेही शेवटचे मोठे डीएसएलआर २०२० चे, त्यानंतरचा सगळा जोर मिररलेसवर आहे. नवा कोरा कॅमेरा घेणार असाल तर मिररलेसच घ्या. पण तासगावच्या पोराला ओळखीतून चांगला ठेवलेला डीएसएलआर स्वस्तात मिळत असेल, तर तो नाकारणं हा वेडेपणा आहे. शटर किती वेळा उडालंय ते बघा, सुरुवातीच्या बॉडीचं शटर साधारण लाखभर क्लिकांच्या हिशेबाने बनवलेलं असतं. निकॉनचा आकडा त्याच्या मूळ जेपीईजी फोटोच्या माहितीतच सापडतो. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का तेही बघा. दिसलं तर सौदा सोडून द्या, ती बुरशी आहे.

पाचवा मुद्दा साळसूद वाटतो, पण पैसे यातही बुडतात. 'जुन्या लेन्स बिनधास्त घ्या, एका कंपनीची कुठलीही लेन्स त्या कंपनीच्या कुठल्याही बॉडीला चालते.' साफ चूक. निकॉन डी३५०० किंवा डी५६०० चं मॅन्युअल उघडा, सुसंगत लेन्सचा तक्ता काढा. या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकस फक्त एएफ-एस, एएफ-पी आणि एएफ-आय लेन्सनाच मिळतो, असं कंपनीनेच त्यात छापलंय. कारण या बॉडीत फोकसची मोटरच नाही. जुनी ५० एफ १.८ डी बाजारात स्वस्त मिळते. ती बॉडीवर बसते, फोटोही निघतो, फक्त फोकस हाताने फिरवायचा. अक्षता पडताना तो कोण फिरवणार? नावात 'डी' आहे की 'एएफ-एस' आणि 'जी', एवढं वाचून घेतलं तरी हे टळतं. तीच डी लेन्स जुन्या लेन्स नव्या बॉडीला जोडणारा एफटीझेड अडॅप्टर लावून निकॉनच्या झेड मिररलेसवर चढवली तरी तोच प्रकार, अडॅप्टरमध्येही मोटर नाही. कॅननचंही तसंच. ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. एम ५० सारख्या कॅमेऱ्यांच्या ईएफ-एम लेन्स आताच्या आरएफ मिररलेस बॉडीला लावता येत नाहीत. जुनी लेन्स घ्यायला जाताना बॉडी सोबत न्या, लावा, दाराबाहेरच्या माणसावर फोकस करून बघा आणि मगच पैसे द्या.

राहिला सहावा. 'कॅमेरा भिजला तर तांदळाच्या डब्यात ठेवा, लेन्सला बुरशी आली तर दिवसभर उन्हात ठेवा.' हे वाचून राग येतो, कारण आपल्याकडे पाऊस आणि पूर दोन्ही ओळखीचे आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत दुकानांत शिरलं होतं. असल्या गढूळ पाण्यात भिजलेला कॅमेरा तांदळात ठेवून काय होणार? आतला गाळ तांदूळ ओढून घेत नाही. उलट तांदळाची पिठूळ धूळ बटणांत आणि लेन्स बसते त्या माउंटमध्ये जाते. उन्हाचं तर विचारूच नका. मिररलेसवर लावलेली लेन्स सूर्याकडे तोंड करून राहिली तर ऊन एकवटून थेट सेन्सरवर किंवा शटरच्या पडद्यावर पडतं आणि जाळतं. बुरशीने खाल्लेलं काचेवरचं कोटिंग कितीही ऊन दिलं तरी परत येत नाही. बुरशी धरूच नये यासाठी पावसाळ्यात लेन्स कापडी बॅगेत महिनोन्महिने पडू देऊ नका. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला किंवा तापवून वाळवा. महाबळेश्वर-पाचगणीकडे राहणाऱ्यांनी तर यात कुचराई करूच नये.

आणि भिजलाच तर आधी बॅटरी काढा, कार्ड काढा, लेन्स वेगळी करा. चालतोय का हे बघायला बटण अजिबात दाबू नका, बहुतेक कॅमेरे तिथेच शॉर्ट होतात. कोरड्या सुती कापडाने पुसा आणि तसाच, बॅटरी न घालता, सर्व्हिस सेंटरला न्या.