खेड्यातील माध्यमिक शाळांमुळे दहावीचा निकाल खालावतो का?

दहावीचा निकाल जाहीर झाला की एक मजकूर दरवर्षी नव्याने फिरू लागतो. खेड्यातील जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित माध्यमिक शाळा राज्याचा निकाल खाली ओढतात. एखाद्या ठिकाणी तो चांगला दिसलाच तर ती शाळेनेच द्यायच्या अंतर्गत गुणांची खिरापत असते. तेच मूल खासगी शाळेत घातले तर पुढे जाते. म्हणून शाळांचे अनुदान थांबवून ती रक्कम पालकांच्या हाती द्यावी, असा त्याचा आशय असतो. हा मजकूर शिकलेली, जबाबदार माणसेही पुढे पाठवतात, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक वाटते.

पहिले विधान राज्य मंडळाच्या आकड्यांपुढे टिकत नाही. कोकण विभागीय मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे येतात आणि 2011 च्या जनगणनेनुसार या दोन्ही जिल्ह्यांत शहरी लोकसंख्या पाचवा हिस्साही नाही. तरीही 2024 मध्ये राज्याचा निकाल 95.81 टक्के असताना कोकणचा 99.01 टक्के लागला आणि 2025 मध्ये राज्याचा 94.10 टक्के असताना कोकणचा 98.82 टक्के लागला. याउलट नागपूरसारखे महानगर ज्या विभागात आहे, तो विभाग या दोन्ही वर्षी तळाशी होता. कोकणात परीक्षार्थींची संख्या मुंबई किंवा पुण्याच्या मानाने फार कमी असते, हे खरे आहे; परंतु ग्रामीण असणे हेच जर अपयशाचे कारण असते, तर राज्यातील सर्वाधिक ग्रामीण विभागांपैकी एक वर्षानुवर्षे पहिला आला नसता.

अंतर्गत गुणांचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. 2019 च्या परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन नव्हते. त्या वर्षी राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर घसरला आणि ते गुण परत येताच 2020 मध्ये तो 95.30 टक्के झाला. शाळा त्याच होत्या, शिक्षकही तेच होते. बदलली होती ती मोजपट्टी. त्यामुळे उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून शाळेचा दर्जा ठरवणे चुकीचे आहे आणि शंभर टक्के निकालाचे फलक लावणाऱ्या शाळांनाही हे लागू पडते. पण खेड्यातील शाळा या गुणांवरच तगून आहेत, हा निष्कर्ष त्याच वर्षाच्या आकड्यांनी खोटा ठरतो. 2018 च्या तुलनेत 2019 मध्ये मुंबई विभाग 90.41 वरून 77.04 टक्क्यांवर आला, म्हणजे 13 टक्केबिंदूंहून अधिक घसरला; कोकण 96.00 वरून 88.38 वर आला, म्हणजे आठ टक्केबिंदूंहूनही कमी घसरला. आधार काढून घेतल्यावर अधिक कोसळला तो महानगराचा विभाग.

तेच मूल खासगी शाळेत पुढे जाते, या विधानाची परीक्षा करणे कठीण असते, कारण खासगी शाळेत जाणारे मूल आणि न जाणारे मूल यांच्या घरची स्थितीच वेगळी असते. ही अडचण दूर करणारा एक मोठा प्रयोग आंध्र प्रदेशाच्या ग्रामीण भागात 180 गावांमध्ये झाला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी सोडतीने निवडलेल्या मुलांना खासगी शाळेत शिकण्यासाठी शुल्काची हमी दिली आणि चार वर्षांनंतर सोडत न लागलेल्या मुलांशी त्यांची तुलना केली. तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खासगी शाळेतील मुले पुढे होती. खासगी शाळांचा प्रतिविद्यार्थी खर्च बराच कमी होता, हेही नोंदवले पाहिजे; मात्र त्यामागे शिक्षकांचे अत्यल्प वेतन हे प्रमुख कारण होते. प्रयोग प्राथमिक वर्गांचा होता, तरी शाळा बदलली की मूल आपोआप पुढे जाते, या समजुतीला त्याने आधार ठेवलेला नाही.

खेड्यातील मुले कमी शिकत आहेत, हे मी नाकारत नाही. ग्रामीण मुलांचे शिकणे तपासणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणात 2023 मध्ये 14 ते 18 वयोगटातील सुमारे चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उताराही सलग वाचता आला नाही आणि साधा भागाकार करू शकणारी मुले निम्म्याहून कमी निघाली. ही उणीव घेऊनच मूल नववीत येते आणि तेथे त्याला नववीचाच अभ्यासक्रम शिकवावा लागतो. शिक्षकांची पदे पटावर ठरत असल्याने लहान गावात गणित आणि विज्ञान एकाच शिक्षकाकडे असणे नेहमीचेच असते. त्यात 2012 पासून शिक्षकभरती कित्येक वर्षे जवळपास थांबलेली होती आणि तिच्यासाठीची अभियोग्यता चाचणी थेट डिसेंबर 2017 मध्ये झाली. या काळात रिकाम्या राहिलेल्या पदांचा दोष त्या शाळेत उरलेल्या शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

राहिला अनुदानाऐवजी पालकांना पैसे देण्याचा प्रस्ताव. ज्या पाच-सहा गावांना मिळून एकच माध्यमिक शाळा आहे, तेथील पालकांनी ती रक्कम घेऊन जायचे कोठे, याचे उत्तर त्या मजकुरात नाही. आहे ती शाळा गाठता यावी म्हणून राज्याला मुलींसाठी एसटीचा मोफत पास द्यावा लागतो आणि मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या स्वतंत्र गाड्या सोडाव्या लागतात. अनुदान थांबून तीही शाळा बंद पडली, तर या मुलींचे अंतर आणखी वाढेल आणि त्यांतील अनेकींचे शिक्षण आठवीलाच संपेल.