पाच ग्लास आणि एक माळकरी

झालं असं की डिसेंबरात ऑफिसच्या पार्टीत मी रेड वाइनच्या ग्लासात बर्फाचे दोन खडे टाकले. टाकताना काहीच वाटलं नाही हो, आपण उसाच्या रसातही टाकतोच की, पण समोर बसलेल्या बॉसने माझ्याकडे असं बघितलं जणू मी पुरणपोळीला केचप लावलाय. त्यात मार्चमध्ये टीमची सहल नाशिकच्या वायनरीला न्यायचं ठरलं आणि माझी झोप उडाली. म्हटलं, आधी एकट्याने जाऊन रंगीत तालीम करून येऊ. पिंपळगावला मामा आहेच.

आता वाइन पिऊन गाडी चालवायची नाही, म्हणजे ड्रायव्हर पाहिजे. मामा म्हणाले, "मी येतो की. माझ्यासारखा ड्रायव्हर मिळायचा नाही तुला." खरंच होतं ते. मामांच्या गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारी, चहासुद्धा कमीच. मामीने आधी कॅलेंडर काढून एकादशी नाही ना ते बघितलं, मग मामांना कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट दिला. हा शर्ट लक्षात ठेवा.

मामा द्राक्षवाले. चाळीस वर्षं थॉमसन (आपली खायची बिनबियांची द्राक्षं) पिकवतायत, यंदाचा माल जानेवारीतच निघून गेला म्हणून फेब्रुवारीत मोकळे होते. वायनरीच्या गेटमधून आत शिरलो तर क्रेट भरलेला ट्रॅक्टर उभा, मामांनी गाडी थांबवली, उतरले, सरळ एक घड उचलला आणि हसायलाच लागले. "अरे हे काय, वाटाण्याएवढे मणी! वर बिया! आमच्याकडे असला माल व्यापारी फुकट नेणार नाही." मामांचं आयुष्य मणी फुगवण्यात गेलेलं, थिनिंग करा म्हणजे घडातले मणी विरळ करा, जीएमध्ये (मणी फुगवायचं संजीवक) घड बुडवा, अठरा एमएमच्या वर साइज न्या, आणि इथे लोक बारीक मण्यासाठी धडपडतायत हे त्यांना पटेचना.

आम्हाला फिरवणारा मुलगा दिंडोरीकडचा निघाला. माझ्याशी इंग्रजीत सुरुवात केली होती, पण मामांचं हे ऐकून मराठीवर आला. "काका, रस आतून पांढराच असतो, लाल रंग न् चव सगळी सालीत. मणी बारका म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त." असं म्हणून त्याने शिराझचा, म्हणजे रेड वाइनच्या एका द्राक्षाचा, एक मणी सोलून दाखवला, खरंच आत पांढरा. मामा गप्प. मग मामांनी पँटच्या खिशातून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजायची नळी, काढला (होय, मामा सोबत आणतात, लोक चष्मा आणतात तसा), काचेवर थेंब पिळला, उजेडाकडे धरून बघितलं. "चोवीस ब्रिक्स! आमचं अठराला गेलं तरी आम्ही पेढे वाटतो." मुलगा म्हणाला, यातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं, ब्रिक्सच्या साधारण निम्म्याहून थोडं जास्त धरायचं. मामांनी तिथल्या तिथे तोंडी हिशोब केला, "म्हणजे तेरा टक्के," आणि मुलाने माझ्याकडे बघणं जवळपास बंद केलं. पैसे मी भरले होते. सांगून ठेवतो.

स्टीलच्या टाक्या बघून मामा म्हणाले डेअरीच आहे ही. लाकडी पिंपांच्या खोलीत गारवा छान होता.

मग टेस्टिंग. एका लांब टेबलावर माझ्यासमोर पाच ग्लास, मामांसमोर पाणी, आणि एक छापील कागद, त्यात रंग, वास, चव असे रकाने. मला बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलचा घाम फुटला. प्रत्येक ग्लासात ओतली किती, तर खोकल्याच्या औषधाची दोन-तीन झाकणं. मध्ये एक काळी बादली. ती बर्फाची समजून मी हात घालणार (बर्फ आणि मी!) तेवढ्यात मुलगा म्हणाला, सर, ती थुंकायला आहे. मामा पहिल्यांदाच खूश झाले. ते तंबाखूवाले, त्यामुळे असल्या देखण्या हॉटेलात पिकदाणी ठेवलीय याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

पहिला ग्लास स्पार्कलिंगचा, त्यात मला सोडा लागला. दुसरा सोव्हिन्यॉन ब्लाँ, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन. "सर, ग्लास फिरवा, नाक आत घाला, काय येतंय?" मी नाक घातलं. वाइनचा वास येत होता, पण असं उत्तर देता येत नाही ना. घाबरून म्हटलं, "फ्रूटी." मुलगा "अजून?" मी म्हटलं, "व्हेरी फ्रूटी."

मामा म्हणाले, "बघू रे इकडं. वास घ्यायला माळेची काय हरकत नाही." त्यांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले. "ताजं कापलेलं गवत. आणि ढोबळी मिरची, मोडल्यावर येतो ना तो वास."

मुलाचा चेहरा असा उजळला की काय सांगू. म्हणे अगदी बरोबर, या द्राक्षाची हीच ओळख! शेनिन ब्लाँमध्ये मामांना पिकलेला पेरू सापडला, झिनफांडेलच्या गुलाबी वाइनमध्ये स्ट्रॉबेरी (मामेबहीण वाईला दिलीय, स्ट्रॉबेरीचा त्यांचा अभ्यास आहे). बाजूच्या टेबलावरची मुंबईची मंडळी आता आपापले ग्लास घेऊन मामांकडे यायला लागली, "अंकल, इसमें क्या है?" आणि मामा, ज्यांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, ते रांगेने वास घेऊन निकाल देतायत. मी चारही ग्लास इमानदारीत प्यालो होतो आणि माझ्या कागदावर चार ठिकाणी फ्रूटी लिहिलेलं होतं.

पाचवा शिराझ. म्हटलं आता इज्जत वाचवायची. मी व्हिडिओत बघितलं होतं तसा ग्लास मनगटाने गरागरा फिरवला, जरा जास्तच जोरात, आणि त्यातली निम्मी वाइन मामांच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर छातीवर, माळेच्या खाली. सगळं टेबल चूप. मुलगा नॅपकिन आणायला धावला आणि शिराझचा वास कसला ते विचारायचं राहूनच गेलं.

परतीच्या वाटेत मामा एवढंच म्हणाले, "हरिपाठाच्या वेळेला पोचणार आपण." 2022 साली सुपरमार्केटात वाइन विकायची परवानगी देण्यावरून एवढा गदारोळ झाला तेव्हा पारावर याच मामांनी विरोधात भाषण केलं होतं, आणि आता ते त्याच पारावरून शिराझचा डाग मिरवत जाणार होते. मी त्यांना माझा स्वेटर दिला. फेब्रुवारीतल्या दुपारी चार वाजता. त्यांनी घातलाही बिचाऱ्यांनी.

मामी दारातच. "स्वेटर कशाला?" मामा म्हणाले थंडी वाजते. मामीने स्वेटर काढायला लावला. मी म्हटलं, "मामी, डाळिंबाचा रस सांडला." मामीने शर्टाचं टोक धरलं, नाकाला लावलं, डोळे मिटले (अगदी मामांसारखे) आणि म्हणाली, "डाळिंबात मिरी कोण घालतं?"

मामेभावाने वास घेतला, "हो की, काळी मिरी." त्याच्या बायकोने घेतला, ती म्हणाली ताजी कुटलेली. मामा म्हणाले, मला तर गाडीतच आली होती. मी दोनदा घेतला. नुसता ओल्या कापडाचा वास.

रात्री गादीवर पडून मोबाइलवर शोधलं. शिराझमध्ये रोटंडोन नावाचं एक द्रव्य असतं, काळ्या मिरीचा वास ज्याने येतो तेच. आणि साधारण पाचातल्या एका माणसाला ते नाकाला कळतच नाही.

घरात आम्ही पाचच जण होतो.