‘खान्देशात कसला आलाय शरद?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

दसऱ्यापासून चंपाषष्ठीपर्यंतच्या आमच्या रविवारांवर मी जो लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. तुमचं पहिलं म्हणणं असं, की खान्देशात शरद ऋतू नसतोच. ऑक्टोबरची होरपळ असते आणि मग एकदम थंडी, तेव्हा मी पुस्तकातला शरद उचलून इथे आणला. दुसरं, कापूस वेचायला माणूस मिळत नाही, भावाचा भरवसा नाही, अशा दिवसांत भरीत, मुलींचा गुलाबाईचा खेळ आणि खाट विणणं यांचं कौतुक शहरात पगारावर बसलेल्यालाच सुचतं. तिसरं, या सगळ्या हौसा घरातल्या बाईच्या कंबरेवर उभ्या असतात. आणि जाता जाता विचारलंत, की चंपाषष्ठीच्या आधी भरीत खाणारं हे कसलं घर? तुम्ही धुळ्याकडचे, स्वतः शेती करणारे, म्हणून उत्तर जरा पाल्हाळानेच देते.

शरदाचं आधी उरकते, कारण त्यात वाद फारसा नाही. ऑक्टोबरात आपल्याकडे दुपारी पारा ३५ च्या आसपास असतो, डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय बांधावर जाववत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण ते ऊन म्हणजेच तर शरद. आयुर्वेदात शरद हा पित्त खवळण्याचा काळ सांगितला आहे. पावसाळ्यात गारठलेल्या अंगावर एकदम कडक ऊन पडतं, म्हणून दुपारचं ऊन टाळा, दही टाळा, दूध-तूप घ्या असं त्यात सांगतात. शरद ही वैद्यांची आई, असं जुन्या सुभाषितात म्हटलंय ते याच आजारपणामुळे. निळं आभाळ आणि कमळं आपल्या वाट्याला कमी आली असतील, पण तापणारी दुपार आणि रात्री गच्चीवर आटवलेलं कोजागिरीचं दूध आपल्या वाट्याला पुरेपूर आहे.

आणि शेतात बघाल तर या दिवसांइतकी उलथापालथ दुसऱ्या कुठल्या ऋतूत असते? मूग-उडीद निघून घरात आलेले असतात. तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीत ओल धरून दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायची घाई असते. केळीवाल्यांची कांदेबागाची, म्हणजे या दिवसांत लावायच्या केळीची लागवड सुरू असते, आणि जूनमध्ये लावलेला मृगबाग बाजूला तरारलेला असतो. कपाशी फुटायला लागते. एकीकडे पेरणी, दुसरीकडे वेचणी. हा ऋतू मला बाहेरून आणावा लागला नाही.

आता पगारावर बसल्याचा मुद्दा. मी जळगावात नोकरी करते, खरं आहे. पण सासर यावल तालुक्यातलं आहे, घरची केळी आणि कपाशी आहे, आणि या दिवसांतले आमचे बहुतेक रविवार तिथेच जातात. दव सुकलं की वेचणी सुरू होते, संध्याकाळी काट्यावर गाठोडी चढतात, किलोप्रमाणे मजुरी मोजली जाते. मी लिहिलेलं भरीत होतं ते त्याच्यानंतर, त्याच बांधावर. तुम्ही म्हणता तशा काळजीच्या शेजारीच हे सगळं चालतं. ज्या वर्षी कापसाचा भाव पडला त्या वर्षी घरातली खरेदी लांबली, नवे कपडे राहिले, पण शेतातलं भरीत राहिलं असं मला आठवत नाही. कारण त्याला लागतं काय? वांगी बांधावरची, जळण शेतातलं, माणसं तिथलीच. भावाच्या प्रश्नावर लिहायलाच हवं, आणि तुमच्यासारख्या शेतकऱ्याने लिहिलं तर ते माझ्यापेक्षा जास्त नेमकं होईल. पण शेतकऱ्याच्या घरावर लिहायचं म्हणजे फक्त कर्ज आणि भाव यांवरच लिहायचं, हे मला मान्य नाही. त्या घरात चांगलंचुंगलं खाणारी, गाणी म्हणणारी, हाताने वस्तू बनवणारी माणसं राहतात. तेवढं वगळून लिहिलं की तो माणूस अर्धाच कागदावर उतरतो.

बाईच्या कंबरेचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून तिथे थांबते.

तुम्ही भरताचं उदाहरण दिलंत आणि नेमकं तेच तुमच्या बाजूने उभं राहत नाही. लेवा पट्ट्यात, म्हणजे लेवा पाटीदार समाजाच्या गावांत, शेतातलं भरीत ही पुरुषांची कामगिरी आहे. आमच्याकडे सासरे आणि दीर सगळं करतात. वांगी निवडण्यापासूनच त्यांचा हट्ट असतो. मोठी, हिरवट-पांढरी, हाताला हलकी लागणारी घ्यायची. जड वांगं बियांनी भरलेलं असतं. याच वांग्याला २०१६ मध्ये ‘जळगाव भरीत वांगी’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. बामणोदकडची वांगी मिळाली तर सासऱ्यांचा चेहराच खुलतो. कपाशी अजून उभी असते, तेव्हा जळण म्हणून गेल्या हंगामातल्या, बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, काढायच्या. पऱ्हाटीचा जाळ चटकन उठतो आणि चटकन बसतो, त्यामुळे वांग्याजवळून उठायची सोय नसते. टोचे मारलेली वांगी देठासकट जाळावर ठेवायची आणि काठीने फिरवत राहायची. साल काळी पडून सुटायला लागली, देठाजवळ दाबल्यावर आतला गर मऊ लागला, की बाहेर. देठ हा शेवटपर्यंत कच्चा राहणारा भाग. सासरे दाबून बघायचे तो तिथेच आणि दिराला म्हणायचे, “अजून कच्चंय, फिरव.” घाई केली तर ते वांगं ठेचताना गाठी धरतं, मग कितीही फोडणी घाला.

साल काढून झाली की लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणाबरोबर गर ठेचायचा. आमच्याकडे हळद नाही, लाल तिखट नाही. सढळ तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मग भरपूर कांद्याची पात आणि कोथिंबीर. एवढं सगळं पुरुषांच्या हातचं. आमच्या हातात असतात त्या कळण्याच्या पुऱ्या. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं ते पीठ, आणि उडीद नुकतेच घरात आलेले असतात म्हणून या दिवसांत त्याला वेगळाच वास असतो. केळीच्या पानावर भरीत, पुरी, पातीचा कांदा. पुऱ्या लाटायला गेली काही वर्षं माझा मुलगा बसतो. सुरुवातीला नकाशे निघायचे, आता फुगतात.

शहरात आता थंडीच्या दिवसांत किलोवर तयार भरीत मिळतं, ते मीही आणते, बरं असतं. पण ते विकत आणलं की देठ कुठे दाबायचा हे मुलाला कळायचा मार्ग बंद होतो. म्हणून मी एवढं बारीकसारीक लिहिते.

गुलाबाईचं तर कष्टांशी काही नातंच नाही, ती मुलींची आहे. भाद्रपद पौर्णिमेला बसते, कोजागिरीला उठते. महिनाभर रोज संध्याकाळी घरोघर टिपऱ्या आणि गाणी, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. ज्या घरी गाणी, त्या घरचा खाऊ झाकलेल्या डब्यात, आणि बाकीच्यांनी डबा हलवून आवाजावरून ओळखायचं. शेंगदाणे, फुटाणे, वेफर्स या वाजणाऱ्या वस्तू लगेच पकडल्या जातात. माझ्या लेकीने यंदा डब्यात केळ्याचे काप घातले. डबा हलवला तर काहीच वाजेना. मुलींनी पेढा म्हणून पाहिलं, बर्फी म्हणून पाहिलं, खीरसुद्धा म्हणून पाहिली. केळी पिकवणाऱ्या घरात केळं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ही अक्कल तिची तिने लढवली, मी फक्त डबा दिला. रोजचा खाऊ बाईच करते असं तुम्ही म्हणाल, पण तो खाऊ मूठभर शेंगदाण्यांनीही भागतो, हे ठरवणारं घर आपलंच असतं.

तुमचं म्हणणं जिथे शंभर टक्के लागू पडतं ती दिवाळी. साफसफाई, फराळ, येणाऱ्या लेकी-जावयांची उठबस, आणि त्याच आठवड्यात वेचणी. तिथे बाई खरोखर भरडली जाते. मूळ लेखात मी दिवाळीवर जवळपास लिहिलंच नव्हतं, त्याचं कारण हेच आहे. मी आनंदाच्या गोष्टी निवडल्या त्या घरात काम वाटलं जातं अशाच.

खाटेचंही तसंच. जुनी बाज सैल झाली होती, टाकून द्यायची की विणायची एवढाच प्रश्न होता. पूर्वी अंबाडीच्या वाखाची दोरी घरीच वळायचे, आम्ही बाजारातून सुतळी आणली. नवरा आणि लेक दोघं मिळून विणत होते, एकाने दोरी ओढायची, दुसऱ्याने अंगठ्याने दाबून धरायची. पायथ्याशी ताण देणाऱ्या दोरीसाठी जागा मोकळी ठेवायची असते, म्हणजे पुढे सैल पडली की तेवढीच आवळता येते. हे शेजारच्या एका आजोबांनी ओट्यावर बसून सांगितलं. ज्याच्या हातात कसब आहे त्याला आपल्याकडे अजून मान आहे. कार्तिकी एकादशीला जळगावच्या रथाच्या वेळी बघा. १८७२ पासूनचा तो रथ, गर्दी रथावर लोटते, पण माझी नजर असते ती चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, लावणाऱ्यांवर. एवढा अवजड रथ वळवायचा आणि थांबवायचा तो त्यांनीच. आम्ही मुलांना मुद्दाम तिथे उभं करून दाखवतो.

आता चंपाषष्ठीचं. आमच्या सासूबाई चातुर्मास कडक पाळतात, त्यांच्या ताटात तोवर वांगं येत नाही. आम्ही बाकीचे पाळत नाही. शेतातल्या भरताच्या दिवशी त्यांच्यासाठी पुऱ्यांबरोबर मुगाची डाळ वेगळी होते, आणि त्यावरून घरात कधी वाद झालेला नाही. त्यांचं वर्षातलं पहिलं भरीत मार्गशीर्षातल्या षष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर. त्या दिवशी वांगी भाजण्यापासून फोडणीपर्यंत सगळं त्या स्वतः करतात, सासऱ्यांनासुद्धा बडगीला हात लावू देत नाहीत. रोडग्याची कृती तुमच्याशिवाय आणखीही काहींनी विचारली आहे. ती त्यांच्याकडून नीट लिहून घेऊन पुढच्या लेखात देते.